नवरीच्या दंडावरची उन्हाची रेघ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे येतात. शाळेत इतिहास शिकवताना मीही मुलांना हीच साधने सांगत आलो. परंतु समाजाच्या इतिहासाची काही साधने कोणत्याही दफ्तरात सापडत नाहीत. ती माणसाच्या अंगावर असतात. अशाच एका साधनाविषयी या लेखात लिहायचे आहे. विषय पाहून काही वाचक हसतील. हेडमास्तराने नवरीच्या नटण्यामुरडण्यावर लिहावे हे त्यांना चमत्कारिक वाटेल. त्यांनी लेख पुरा वाचावा आणि मग काय ते ठरवावे, एवढीच विनंती.

हे साधन म्हणजे नवरीच्या दंडावरची रेघ. पोलक्याची बाही जिथे संपते तिथे ती असते. रेघेच्या वरचा दंड मूळच्या रंगाचा, खालचा हात उन्हाने रापलेला. अशीच एक रेघ गळ्याशी, एक मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची, आणि पावलांवर चपलेच्या अंगठ्याची. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मुली तिला 'टॅन लाइन' म्हणतात. एरवी वर्षानुवर्षे ती कोणाला दिसत नाही. लग्न ठरले, शालूवरचे पोलके शिवायला टाकले आणि त्याची बाही रोजच्यापेक्षा दोन बोटे आखूड निघाली, की घरातल्या सगळ्या बायकांच्या नजरा त्या रेघेवर खिळतात. मग डाळीचे पीठ, दही, लिंबू, मलमे आणि शेवटी पार्लर. ही धावपळ आपण प्रत्येक घरात पाहतो. तिला बराच मोठा इतिहास आहे.

पार्वतीचे रापणे

उन्हाने रापलेल्या नवरीचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर वर्णन कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त आहे. पाचव्या सर्गात पार्वती शंकरासाठी तप करते. ऐन उन्हाळ्यात चार बाजूंना चार अग्नी पेटवून ती मध्ये बसते आणि पाचव्या अग्नीकडे, म्हणजे सूर्याकडे, टक लावून पाहते. कवी सांगतो की त्या उन्हाने तिच्या चेहऱ्याला कमळाची शोभा आली. फक्त लांबट डोळ्यांच्या कोपऱ्यांशी हळूहळू काळसरपणा उतरला. पुढे बटूच्या वेषात आलेला शंकर तिच्याकडे पाहून हळहळतो. जिथे दागिने शोभायचे त्या जागा सूर्याने भाजून काढल्या आहेत, असे तो म्हणतो.

हे शेवटचे वर्णन बारकाईने पाहण्यासारखे आहे. दागिना अंगावर असला की त्याखालची कातडी मूळ रंगाची राहते. तो काढून ठेवला की तीही उन्हात येते. पाटल्या उतरवल्यावर मनगटावरचा उजळ पट्टा उघडा पडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक असते. तसे ते महाकवीच्याही नजरेतून सुटलेले नाही.

सातव्या सर्गात याच पार्वतीला नवरी म्हणून सजवतात. अंगाला लावलेले तेल लोध्राच्या चूर्णाने उतरवतात, सुगंधी लेप देतात, न्हाऊ घालतात, गोरोचनाने नक्षी काढतात, डोळ्यांत काजळ घालतात. काजळ तिच्या डोळ्यांना शोभा आणण्यासाठी नव्हते, मंगल म्हणून घातले होते, असे कवी मुद्दाम नमूद करतो. तपाच्या उन्हाचे डाग झाकण्याची लगबग मात्र त्याने कुठे रंगवलेली नाही. ज्याच्यासाठी ती उन्हात बसली त्यानेच तिचे ते रूप आधी पाहिले होते आणि त्यावरच तो जिंकला गेला होता. रापणे हे तिथे तपाचे चिन्ह आहे, उणेपणाचे नव्हे. पुढच्या साऱ्या इतिहासात आपण हे विसरत गेलो, हा या लेखाचा मुद्दा आहे.

उटणे, हळद आणि चार आठवडे

दिवाळीच्या पहाटे उटणे लावणाऱ्या वाचकांना या परंपरेची ओळख निराळी करून द्यायला नको. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. ग्रंथ संस्कृतात, राजा कन्नड मुलखाचा, आणि आत जुन्या मराठीच्याही ओळी! आपल्यासारख्या दुभाषी भागातल्या माणसांना तो आपलाच वाटावा. राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना त्यात स्नानाचा आणि विलेपनाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. अंगाला तेल, मग उद्वर्तन, मग स्नान, मग सुगंधी लेप, असा तो क्रम. 'उद्वर्तन' या शब्दावरूनच आपले 'उटणे' आले.

आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, मसुरीचे किंवा हरभऱ्याचे पीठ आणि भिजवायला साय किंवा दूध, हे घरगुती उटणे. पिठाने तेल आणि मेलेली कातडी निघते, सायीने कोरडेपणा जातो. यापलीकडे उटण्याकडून फार अपेक्षा करू नये. त्याने सावळा माणूस गोरा होत नाही. मग आपल्या आज्या, 'महिनाभर उटणं लाव, हात उजळतील' असे ठामपणे का सांगत आणि हात खरोखर थोडेफार उजळतही कसे?

याचे उत्तर उटण्यापेक्षा त्या महिन्यात अधिक आहे. ऊन लागले की आपली त्वचा मेलॅनिन नावाचा रंग अधिक तयार करते. हा रंग म्हणजे आतल्या पेशींवर धरलेली छत्रीच होय. तो ज्या पेशींत भरतो त्या हळूहळू वर सरकतात आणि गळून पडतात. या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून नवे ऊन लागले नाही तर काही आठवड्यांत रापलेपण उतरू लागते; वर्षानुवर्षांची रेघ असेल तर तिला महिनेही लागतात. आता आपल्या रूढी पाहा. लग्न ठरल्यावर केळवणे सुरू होतात, मुलीला शेतात पाठवणे बंद होते, आणि हळद लागल्यावर तर नवरीने उंबरठ्याबाहेर पडायचे नाही. या रूढींची कारणे अनेक आहेत आणि त्यांत दृष्ट लागण्याची भीती मोठी आहे. पण परिणाम एकच होई. मुलीला, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, सावली मिळे. रेघ पुसण्याचे खरे काम ती सावलीच करत असे.

हळदीचे काम वेगळे. मराठी घरात आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे जाते. शेजारच्या कन्नड घरात तीच 'अरिशिण'. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, व्होगेल आणि पेलेतिए या युरोपीय शास्त्रज्ञांनी १८१५ मध्ये प्रथम वेगळा काढला. तो कातडीवर चढतो आणि एक-दोन दिवस टिकतो. त्यामुळे रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग एकाच पिवळ्या झाकेखाली येतो. मांडवातल्या समईच्या आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात तेवढे पुरेसे होत असे. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते आणि त्यातूनच पूर्वी कुंकू होत असे. म्हणजे नवरीच्या अंगावरचा पिवळा आणि कपाळावरचा लाल हे दोन्ही रंग एकाच कंदाचे!

या कंदाला आमच्या भागात राज्याची सीमा माहीत नाही. रायबाग-चिकोडीकडची हळद सांगलीच्या बाजारात जाते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत ती साठवत. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी, १९९५ मध्ये, जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावचे. आजीच्या वाटीतली हळद अमेरिकेच्या पेटंट कचेरीपर्यंत जाऊन परत आली, ती अशी.

रेघ कोणाच्या अंगावर होती?

आता मूळ प्रश्न. रेघ प्रत्येकीच्या अंगावर नव्हती. वाड्यात राहणारी, माजघर आणि परसू यांपलीकडे न जाणारी मुलगी रापत नसे. रापायची ती शेतावर जाणारी, पाणी आणणारी, गुरांमागे फिरणारी. म्हणून गोरेपण म्हणजे नुसता रंग राहिला नाही. या घरच्या लेकीला उन्हात राबावे लागत नाही, याचे ते प्रमाणपत्र झाले. मुलगी पाहायला आलेल्या बायका पदराखालचा दंड पाहत. एका दृष्टिक्षेपात त्या दोन गोष्टी जोखत: मुलीचा मूळ रंग आणि तिच्या बापाची ऐपत.

राबणाऱ्या बायकांना हे चांगले ठाऊक होते. निपाणीकडच्या तंबाखूत, खानापूरच्या भातखाचरांत, अथणीच्या उसात काम करणाऱ्या बाया लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना शर्ट चढवतात आणि डोक्याला टॉवेल बांधतात. उसाच्या पातीने हात कापू नयेत हे एक कारण आणि ऊन हे दुसरे. 'उन्हातनं हिंडू नको गे' हे मराठी घरातले आणि 'बिसलाग तिरगब्याड' हे कन्नड घरातले बोल एकाच आवाजात निघतात. भाषेवरून आपण कितीही भांडलो तरी लेकीच्या रंगाची काळजी आपल्याला एकाच पद्धतीने वाटते, हे मी शाळेच्या कचेरीत बसून दोन्ही भाषांत ऐकले आहे.

जुन्या नवरीच्या साजाकडे या नजरेने पाहिले की एक गंमत लक्षात येते. कासाराने (कन्नडात बळेगाराने) भरलेला हिरवा चुडा मनगटावरची रेघ झाकतो. बाजूबंद किंवा वाकी दंडावर बरोबर बाहीच्या काठाशी बसते. गळ्यातल्या ठुशीने आणि मोहनमाळेने पोलक्याचा गळा जिथे संपतो ती कडा झाकली जाते. मुंडावळ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंनी उतरतात, शेला खांदे सांभाळतो, पैंजण आणि जोडवी पावलांकडची नजर आपल्याकडे ओढून घेतात. हे अलंकार रेघा झाकण्यासाठी जन्मले, असे मी म्हणत नाही. पण जिथे कापड संपते आणि कातडी सुरू होते, नेमक्या त्याच ठिकाणी ते बसतात. साज पुरा असला की रेघेला जागाच उरत नाही. पुढे साज कमी झाला, बाह्या आखूड झाल्या आणि रेघ उघडी पडली.

नाटकाचा रंग आणि फोटोची काच

रंग लावून रंग झाकण्याची कला आपल्याकडे मांडवात आली त्याआधी ती रंगभूमीवर होती. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. स्त्रीभूमिका पुरुष करीत. पुरुषाला शकुंतला व्हायचे तर नुसता चेहरा रंगवून भागत नाही. मान, हात, पावले सारे एका रंगात यावे लागते, नाहीतर प्रेक्षकाला नायिकेऐवजी नट दिसतो. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) स्त्रीवेषाला जो दिमाख आणला त्याने घरंदाज बायकांच्या नेसण्यावर आणि केशरचनेवरही ठसा उमटवला. पूर्ण अंगाचा एक रंग, ही कल्पना मराठी डोळ्याला सवयीची झाली त्यात या रंगभूमीचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

दुसरा बदल कॅमेऱ्याने केला. जुन्या काचांवरचा आणि सुरुवातीच्या फिल्मवरचा मसाला लाल-तपकिरी रंगाला जवळजवळ आंधळा होता. त्यामुळे रापलेली कातडी फोटोत होती त्याहून काळी उमटे. डोळ्याला जेमतेम दिसणारी दंडावरची रेघ फोटोत ठळक होई. स्टुडिओवाले यावर दोन उपाय करीत: आधी पावडर, आणि नंतर काचेवर बारीक पेन्सिलीने हात फिरवणे. पणजीच्या लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा पिठासारखा एकसारखा दिसतो तो बरेचदा या पेन्सिलीमुळे. लग्न एका दिवसात संपत असे. फोटो मात्र भिंतीवर पन्नास वर्षे राही. रेघेची भीती खरी वाढली ती इथून.

बाजार तयार होताच. १९१९ मध्ये मुंबईच्या पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला आणि 'स्नो-पावडर' हा मराठीतला जोडशब्दच होऊन बसला. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅक्स फॅक्टर कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी बनवलेला 'पॅनकेक' सर्वांसाठी विक्रीला काढला. टाटांनी १९५२ मध्ये 'लॅक्मे' सुरू केली. १९८० नंतर लग्नात व्हिडिओवाला आला, हॅलोजनचे दिवे आले. त्या प्रकाशात रंगवलेला चेहरा आणि न रंगवलेले हात वेगवेगळ्या माणसांचे वाटत. मेकअप गळ्याखाली उतरला तो या दिव्यांमुळे.

साहेबाच्या देशातली उलटापालट

युरोपची कथा याहून विचित्र आहे. तिथेही शतकानुशतके पांढरेपण म्हणजे कुलीनपण होते आणि त्यासाठी बायका शिशाचा पांढरा लेप चेहऱ्याला फासत. लेडी कॉव्हेंट्री ही प्रसिद्ध सुंदरी १७६० मध्ये ऐन तारुण्यात वारली ती या शिशाच्या विषाने, असे मानतात. पुढे कारखाने आले. मजूर शेतातून उठून गिरणीत गेला आणि पांढराफटक पडला. ज्याच्याकडे पैसा आणि फुरसत, तो समुद्रकिनाऱ्यावर जाऊन रापू लागला. १९०३ मध्ये फिन्सेन यांना प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे ऊन आरोग्याचे मानले जाऊ लागले. १९२० च्या दशकात पॅरिसच्या कोको शनेलसारख्यांनी रापलेपणाची फॅशनच केली.

तिथल्या नवरीलाही आज रेघेची अडचण आहे. पण तिला रापलेला रंग हवा असतो, फक्त त्यात पोहण्याच्या कपड्यांच्या पट्ट्यांचे पांढरे ठसे नको असतात. काही जणी तर उजळ पट्ट्यावर तपकिरी रंग चढवून घेतात. म्हणजे रेघ तीच, कातडीचा धर्मही तोच. तिकडे उजळ बाजूला लाज वाटते, इकडे रापलेल्या. आठवीच्या मुलांना मी हे उदाहरण देतो. सौंदर्याची व्याख्या कोण ठरवतो हे त्यांना त्यातून पटकन कळते: ज्याला जे करावे लागत नाही, ते तो मिरवतो.

मलमाचे दिवस

आपल्याकडे १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. गोरेपण आता ट्यूबमध्ये मिळू लागले आणि जाहिरातींतून नोकरी, नवरा आणि आत्मविश्वास हे सारे रंगाशी बांधले गेले. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या परिषदेने २०१४ मध्ये, सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत असा नियम केला आणि २०२० मध्ये त्या मलमाने 'फेअर' हा शब्द टाकून 'ग्लो' धारण केला. नाव बदलले. मुलगी पाहायला आलेल्यांच्या डोळ्यांना मात्र असा नियम लागू होत नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट औषधांच्या दुकानात घडते. लग्नाला महिना उरला की कुणीतरी सांगते, 'अमुक मलम लाव, आठ दिवसांत फरक.' अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा खरोखर उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या येतात, केस उगवतात, आणि मलम सोडले की दाह दुप्पट होतो. त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षे याविरुद्ध ओरडत आहेत. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश काढला. काही बेनामी क्रीमांत पारा असतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीमे वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे डॉक्टरांनी उघडकीस आणले. शिशाचा लेप लावणाऱ्या लेडी कॉव्हेंट्रीपासून आपण फार लांब आलेलो नाही.

'ब्लीच'बद्दलही एक गैरसमज आहे. त्याने मुख्यतः कातडीवरची लव सोनेरी होते, म्हणून हात उजळ भासतो. खालचा रंग तसाच राहतो, आणि कातडी नाजूक असेल तर भाजते ते वेगळे. लिंबू चोळून उन्हात गेल्यानेही डाग पडतात.

शहाणी पार्लरवाली काय करते

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी आज नवऱ्या सजवण्याचे काम करते. तिला मी या लेखासाठी सविस्तर विचारले. तिने जे सांगितले ते मला आजवर या विषयावर ऐकलेल्या सगळ्यांत शहाणपणाचे वाटले.

ती म्हणते, 'सर, मी नवरीला गोरी करतच नाही. मी रेघ मोडते.' तिची पद्धत अशी. लग्नाच्या सहा-आठ आठवडे आधी मुलीला बोलवायचे. भर उन्हात जाताना पूर्ण बाहीचे कापड आणि सनस्क्रीन, रोज साधे तेल किंवा मलई, आणि नवे कोणतेही मलम नाही. घासणी लावून हात खरवडायचे नाहीत, कारण खरवडलेली कातडी आणखी काळी पडते. पोलक्याचे माप द्यायला शक्य तर तिने सोबत जायचे. बाही रोजच्या बाहीइतकीच ठेवली तर निम्मे काम तिथेच संपते.

लग्नाच्या दिवशी रंग चेहऱ्यावरून निवडायचा नाही. चेहरा, मान, छाती आणि हात चार रंगांचे असतात. त्यांच्या मधला एक रंग काढायचा आणि चेहरा तिथपर्यंत आणायचा. रापलेल्या भागावर सरळ गोरा रंग लावला तर तो राखाडी, मेलेला दिसतो. म्हणून आधी तिथे केशरी झाकेचा पातळ हात द्यायचा, मग कातडीच्या रंगाचा. रेघेवर रंग थापायचा नाही. ओल्या स्पंजाने तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे ठोकून ठोकून विरवायचा, म्हणजे कडा नाहीशी होते. हातावरचा रंग पाण्याने आणि घामाने न जाणारा हवा, वर पावडर दाबून बसवायची आणि ती वाळेपर्यंत शालूचा पदर लांब ठेवायचा. मेंदी कोपरापर्यंत असेल तर रंग मेंदीच्या काठावर थांबवायचा. शेवटी नवरीला मांडवाच्या दिव्यात आणि बाहेर दिवसाच्या उजेडात, असे दोनदा पाहायचे.

मग ती म्हणाली, 'मुलगी आरशात बघून म्हणाली पाहिजे की ही मीच. तिच्या आईने ओळखलं नाही, तर मी काम बिघडवलं.' कालिदासाच्या पार्वतीला सजवणाऱ्या सख्यांना हे वाक्य पटले असते.

उन्हात उभ्या राहणाऱ्या मुली

आता मी या विषयात का पडलो ते सांगतो. दरवर्षी जूनमध्ये आमच्या मैदानावर पाचवी ते सातवीच्या मुली मुलांच्या बरोबरीने खो-खो खेळतात. नववीत त्यांतल्या निम्म्या दिसत नाहीत. कारणे अनेक असतात. त्यांतले एक कारण आया मला हळू आवाजात सांगतात. 'सर, तिला कवायतीतून सोडा. रंग फार उतरतोय. दोन-तीन वर्षांत बघायला येतील.' पंधरा वर्षांच्या मुलीच्या धावण्यावर अजून न ठरलेल्या लग्नाची सावली पडते. जुन्या काळी लग्नाआधी महिनाभर मिळणारी सावली आता पाच-पाच वर्षांची झाली आहे आणि तिची किंमत मुलीचे मैदान चुकते करते.

२००६–०७ पासून काही वर्षे कर्नाटक सरकारने आठवीतल्या मुलींना सायकली दिल्या. आमच्या आसपासच्या खेड्यांतल्या मुली ऊन-पावसात सायकलवरून शाळेत येऊ लागल्या. त्यांचे हात कोपरापासून खाली रापले. त्यांतल्या कितीतरी पुढे परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या, काही पोलिसात गेल्या. त्यांच्या दंडावरची रेघ मला शाळेच्या हजेरीपटाइतकीच खरी नोंद वाटते. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ती माळावरच्या उन्हात धावली नसती, तर रिओपर्यंत पोहोचली नसती.

नवरीने नटू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. लग्न हा आनंदाचा दिवस आहे. त्या दिवशी रेघ विरवून हात एकसारखा दिसावा असे मुलीला वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. हळद लावा, उटणे लावा, चुडा भरा, चांगल्या हाताकडून मेकअप करून घ्या. दुकानातले अनोळखी मलम मात्र घरात आणू नका. आणि मुलगी पाहायला जाल तेव्हा पदराखालचा दंड जोखण्याआधी तो कशाने रापला हे विचारा. सायकलने रापला असेल, शेताने रापला असेल, मैदानाने रापला असेल. तिन्ही उत्तरे सून म्हणून घरात येणाऱ्या मुलीबद्दल चांगलेच काही सांगतात.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील. शाळेचे क्रीडासंमेलनही त्याच सुमारास असते. ज्यांच्या घरात नववी-दहावीची मुलगी आहे त्यांनी तिला यंदा मैदानावर पाठवावे. तिथे पडलेली रेघ चार आठवड्यांच्या सावलीने फिकी होऊ लागते. मैदान सुटले, तर ते कोणत्याही उटण्याने परत मिळत नाही.